ताट भरलं कुणी?

बेंगळूर, गुरुवार, १४ डिसेंबर १९९५

नोकरी वाचली! सकाळी दिग्दर्शकांनी एडिटिंगच्या खोलीत बोलावलं, तेव्हाच वाटलं, गेली! मालिकेत कंटिन्युइटी सांभाळायचं, म्हणजे एका शॉटमधलं सगळं पुढच्या शॉटशी जुळतंय ना ते बघायचं काम मिळून जेमतेम तीन महिने झालेत, आणि एवढी ढळढळीत चूक. बऱ्याच वर्षांनी घरी परतलेला मुलगा जेवतोय, ताट जवळजवळ रिकामं. पुढच्याच शॉटमध्ये आई बोलायला लागते, आणि तेच ताट चित्रान्नानं, त्या पिवळ्याधमक फोडणीच्या भातानं, गच्च भरलेलं!

माझ्याकडून सुटलं कसं? मुलाचे शॉट सकाळी घेतले होते, आईचे जेवणाच्या सुट्टीनंतर. मधल्या वेळात कुणीतरी ताट भरून ठेवलं. पण मी वही घेऊन समोरच बसले होते ना! शेवटी खरं तेच सांगून टाकलं. "सर, आईचं काम करणाऱ्या बाई इतकं सुंदर बोलत होत्या, की मी ताटाकडे बघितलंच नाही."

एडिटर हसले. "मलाही काल आवाज बंद केल्यावरच दिसलं, अक्का."

दिग्दर्शकांनी दृश्य पुन्हा लावलं, आवाजासकट. मग डोळे पुसत म्हणाले, "सरी, ठीक आहे, राहू दे. पुढच्या वेळी मात्र कानात कापूस घालून बस."

उड्या मारतच घरी आले. आईला सगळं सांगितलं, भरलेल्या ताटाचंही. तिला चूक कुठली तेच कळेना.

"अगं, इतक्या वर्षांनी पोरगा घरी आलाय. आईनं पुन्हा वाढलं असेल की!"