हापशावरच्या बायका

४ फेब्रुवारी, सोमवार
शिकायला लागून तिसरा दिवस. तळहात सुजलेत. पेन धरवंना, तरी लिहायलेय.
संस्थेच्या लताताई मागच्या महिन्यात वस्तीवर आल्या अन् म्हणाल्या, "हापसा दुरुस्त करायला कोण शिकतं?" बाया हसल्या. मीबी हसले. मग हात वर केला. कावून केला, अजून कळलं न्हाई. नवऱ्यानं टाकून सहा वर्षं झाली, दादाकडंच राहते. ऊसतोडीला जोडी लागते, एकटीला कोण नेतं? अन् पाऊसच न्हाई तर यंदा रानात काम कुठलं.
शिकवायला बाबूचाचा, जिल्हा परिषदेतून रिटायर झालेले मिस्त्री. मी पाना दोन बोटांत धरला तर म्हणाले, "जोर से पकड बेटी, काटता नै."
जोडीला सुमन मावशी. पन्नाशीची विधवा. माझ्यापेक्षा ताकद दुप्पट.

१३ फेब्रुवारी, बुधवार
आज आमच्याच वस्तीचा हापसा खोलला. दिवाळीपासून बंद. पंचायतीत तीन अर्ज दिलते, मिस्त्री येतो म्हणले, आला न्हाई. आत बघितलं तर चामड्याचं वायसर झिजलेलं अन् पाणी खाली गेलेलं. वायसर बदललं, दोन पाइप वाढवले. अकराला सुरू केलं, साडेतीनला पाणी. आधी लाल गढूळ. मग निवळलं.
पहिली घागर वहिनीची. जेवताना माझ्या भाकरीवर तेल-चटणी जरा जास्त पडली.

२१ फेब्रुवारी, गुरुवार
पाचवं गाव. पाने पोत्यात, पोतं एसटीत. कंडक्टर म्हणाला, "भंगार हाय का?" सुमन मावशी म्हणाली, "भंगार न्हाई, दवाखाना हाय. हापशाचा." गाडीभर हसली. लई दिवसांनी पोट दुखेपर्यंत हसले.

२ मार्च, शनिवार
लिहू वाटंना.
गावातल्या वरच्या आळीचा हापसा. माझी आय तिथं घागर घेऊन लांब उभी राहायची, कुणीतरी वरून ओतायचं. मी लहान होते, पण आठवतं. आज त्याच कट्ट्यावर चपला काढून चढले. एक म्हातारे लताताईंना म्हणाले, "दुसरं कोणी भेटलं न्हाई का?" ताई म्हणाल्या, "शिकलेल्या ह्याच हायत."
अन् माझ्याच हातून पकड सुटली. सगळे पाइप बोअरात. धाडधाड आवाज, मग काहीच न्हाई. माणसं बघायलेली. "आता बोअरच गेलं की," कुणीतरी म्हणलं. मावशीनं माझा दंड धरून कट्ट्यावरून खाली उतरवलं.
वाटेत म्हणले, उद्यापासून मी येत न्हाई. ताईंनी ऐकलं.

३ मार्च, रविवार
घरीच. दादा म्हणाला, "चूक हुतीच की." तेवढंच.
दुपारी बाबूचाचा आले. उन्हात, चालत. पाणी प्याले. म्हणाले, "मेरे हाथ से कितने गिरे मालूम? गिनती नै. कल सवेरे आना, निकालेंगे."

४ मार्च, सोमवार
निघाले!! चाचांनी लोखंडी गळ सोडला अन् दोर माझ्याच हातात दिला. "तू पकड. अटका तो हाथ को समजता." दोनदा सुटला. तिसऱ्यांदा हाताला वजन लागलं. एकेक पाइप वर. मावशी, मी अन् त्याच आळीच्या दोन बाया ओढायला. त्यांनी पदर खोचले अन् आल्या, कुणी सांगितलं न्हाई.
दोनला पाणी. नंतर चहा आला, समोरच्या घरातून. घरातल्या कपांत. मी कपाकडंच बघत बसले. मावशी म्हणली, "पी की गं, गार व्हायलाय."
आयला सांगायला पाहिजे होतं. ती न्हाई.

१७ मार्च, रविवार
विहारात बैठक. आता आसपासच्या गावच्या धरून शिकलेल्या अकराजणी. लताताई म्हणाल्या, "संस्था जन्मभर पुरायची न्हाई. तुमची तुमी सोसायटी काढा, दुरुस्तीचं काम तिच्या नावानं मागा." नावावरनं तासभर भांडण. सावित्री, रमाई, अहिल्या, सगळी झाली. शेवटी मावशी म्हणली, "हापसा दुरुस्ती महिला सोसायटी लिवा, लोकास्नी समजंल तरी." तेच ठरलं.
चेअरमन कोण? सगळ्या माझ्याकडं बघायल्या. मी मागं बघितलं तर भिंत.

९ एप्रिल, मंगळवार
पंचायत समितीत अर्ज दिला. साहेब म्हणाले, "बायांना जमंल का?" मी म्हणले, "साहेब, तुमच्या आवारातला हापसा बंद हाय. आधी तो करू का?" साहेब हसले. तो हापसा तिथंच करून दिला. काम देऊ, बघू म्हणाले. लेखी काही न्हाई.

६ मे, सोमवार
ऊन लई. टँकर तीन दिवसाआड. आपले हापसे मात्र चालायलेत, एक सोडून. त्या बोअरात पाणीच न्हाई, तिथं आमचाबी इलाज न्हाई. हे त्या गावच्या बायांना सांगताना वाईट वाटलं. त्यांनीच जेवून जा म्हणलं.

१९ मे, रविवार
दिंद्रुडकडच्या चार बाया लताताईंसोबत आल्या. तिकडं सोसायटी काढायची, शिकवायला मीच पाहिजे. चाचांचे गुडघे गेलेत. महिनाभर तिकडं राहावं लागंल. बारा-चौदा बाया जमल्यात म्हणे. मी शिकवायचं?
दादा म्हणाला, "कावून जायचं? इथं चाललंय की नीट." रागानं न्हाई म्हणाला. ताईंना म्हणले, उद्या सांगते.
जाते म्हणून अजून कुणाला म्हणलेलं न्हाई. माझ्या मनालाबी न्हाई.
भांडी घासताना वहिनीनं विचारलं, "तिकडं पाणी किती खोल हाय गं?"
"काय माहीत. खोलल्यावर कळंल."