मागचं डावं चाक

धाकट्या,

ही चिठ्ठी मुद्दाम किल्लीला गुंडाळलीय. जरा जवळ बस बाबा, एक गोष्ट सांगतो. त्यातला लबाड मीच आहे.

आपल्या पिकअपच्या मागच्या डाव्या चाकातून ब्रेकचं तेल गळतंय, तीन आठवडे झाले. खाली पुठ्ठा घालून पाहिला, रोज तिथेच ओला होतो. आतलं रबर गेलंय. तू अंघोळीला गेलास की मी गुपचूप बॉनेट उघडून तेल भरायचो, म्हणून तुला कधी कळलं नाही. आज मी ऑपरेशनसाठी दवाखान्यात चाललोय. उद्यापासून तेल भरायला कोणी नाही, तेव्हा गाडी अजिबात काढू नकोस. त्या उतारावर ब्रेक लागला नाही तर मी देवाला काय तोंड दाखवू?

नवं रबर आणून ठेवलंय. बसवलंही असतं रे, पण नंतर ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने चाकापाशी आडवं व्हायचं, दुसऱ्याने पेडल दाबायचं. वर्षभर आपण समोरासमोर बसून मुक्याने जेवतोय. दिवसभर देवाचं नाव घेणारी ही जीभ, तिला ‘जरा पेडल दाब’ एवढं म्हणवलं नाही!

चार दिवस बसने जा. मी आलो की खाली आडवा होतो, तू पेडल दाब. नाहीच आलो, तर मिस्त्रीला बोलाव. आणि देवापुढे हात जोडशील तेव्हा या भावाचीही आठवण ठेव.

दादा