चिठ्ठीच्या मागची ओळ

अप्पा, तुमची नात माझ्यावर चिडली आहे आणि तिचं बरोबर आहे. हे घरात कबूल करायला जीभ रेटत नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय. ह्यांचं मत मला कळलेलंच आहे. "तिच्या भाषणाचं तू मॅन्युअल करून टाकलंस," एवढं म्हणून ते बाल्कनीतल्या टोमॅटोंना पाणी घालायला गेले. इथे जर्मनीत, ब्योब्लिंगेनला मी तीस वर्षं गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिली, त्यामुळे टोमणा बरोबर बसला.

ती डॉक्टर झाली हे तुम्ही पाहिलं नाहीत. शिकली इथेच, मग अमेरिकन मुलाशी लग्न करून तिकडे गेली आणि आता सांध्यांच्या आजारांवर उपचार करते. तुमच्यासारख्या चिठ्ठ्या तीही लिहिते, फक्त दुसऱ्या डॉक्टरला नाही, पेशंटच्या विमा कंपनीला. अमुक औषध देऊ का, अशी परवानगी मागणारी चिठ्ठी. एवढी शिकलेली, अनुभवी बाई परवानगी मागते आणि पेशंटचं तोंडही न पाहिलेला कुणीतरी नाही म्हणतो. आधी स्वस्तातलं औषध द्या, ते लागू पडत नाही हे दाखवा, मग बघू. ही फोन लावते, तासभर संगीत ऐकते आणि शेवटी कंपनीचा जो डॉक्टर बोलायला येतो तो कानाच्या रोगांचा असतो. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. इथेही सगळं चांगलंच आहे असं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरचा टेर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मला चार महिन्यांनी मिळाला आणि त्या बाईंनी मला धड चार मिनिटं दिली नाहीत. पण क्रांकनकासेचं, म्हणजे इथल्या आरोग्यविम्याचं, कार्ड पुढे केल्यावर माझा आजार खरा आहे हे सिद्ध करा, असं मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

तिची एक पेशंट शाळेची बस चालवायची. तिच्यासाठी लिहिलेली चिठ्ठी तीनदा परत आली, तोवर बाईंची बोटं वाकडी झाली. स्टिअरिंगवर मूठ वळेना म्हणून नोकरी गेली, आणि तिकडे विमा नोकरीला बांधलेला असतो, तोही गेला. औषध मंजूर झाल्याचं पत्र त्यानंतर आलं. ते पत्र तुमच्या नातीने मला फोनवर वाचून दाखवलं, अगदी शांतपणे, आणि मला तिची काळजी वाटली. तिच्या राज्यात हा नियम बदलणारा कायदा येऊ घातलाय. चार डॉक्टर जमवून ती आमदारांच्या मागे लागली आणि विधिमंडळाच्या समितीपुढे बोलायला तिला तीन मिनिटं मिळाली. भाषण लिहून तिने मला पाठवलं, कारण शाळेपासून तिचं सगळं मीच तपासत आले.

अर्धं भाषण त्या बाईंबद्दल होतं. सकाळी ब्लाउजची बटणं लावायला त्यांना त्यांच्या नातीची मदत लागते. बसमधली मुलं अजून त्यांना कार्डं पाठवतात. मी लाल पेन घेतलं आणि ते सगळं काढलं. रोग लिही, म्हटलं, उपचार लिही, उशिराने काय होतं ते शास्त्राने सांग. रडगाणं नको. ती जर्मनमध्ये कुरकुरली. चिडली की ती जर्मनमध्येच बोलते. मी म्हटलं, "हा तुझ्या आजोबांचा नियम आहे." तुमचं नाव काढलं की ती वाद घालत नाही, आणि हे मला चांगलं ठाऊक आहे.

तो नियम तुम्ही मला घालून दिलात ती संध्याकाळ मला लख्ख आठवते. मी अकरावीत आहे. तुमचं अक्षर लागत नाही अशी मिरजेच्या डॉक्टरांची तक्रार आल्यापासून तुम्ही सांगता आणि मी लिहिते. दवाखान्यात मिक्श्चरचा वास भरलाय, कंपाउंडरकाका बाटल्यांवर डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवताहेत आणि बाकावर स्टँडजवळचा सायकलवाला पालथा पडलाय. पाठीच्या कण्याला क्षय. त्याला मिरजेच्या इस्पितळात कितीतरी महिने खाट मिळायला हवी. तुम्ही सांगितलेलं उतरवून झाल्यावर मी आपल्या मनाने एक ओळ घालते, की हा माणूस फार गरीब आहे, कृपा करावी. तुम्ही सहीसाठी कागद हातात घेतलात आणि चष्मा काढलात.

"हे कुणी सांगितलं लिहायला?"

"गरीब आहेत ना ते, अप्पा."

"ते त्यांना दिसेल. कृपा मागायला आपण देवळाच्या पायरीवर बसलोय का? त्याला क्षय आहे, म्हणून त्याला खाट. गरीब आहे म्हणून नव्हे. फाड आणि नवीन लिही."

"डॉक्टर, खोडलं असतं तरी चाललं असतं, कागद संपत आलेत," कंपाउंडरकाका म्हणाले. तुम्ही हसला नाहीत. मी फाडला, नवीन लिहिला, आणि पुढे सगळी नोकरी त्या एका बोलण्यावर केली.

सोमवारी समितीपुढे तुमची नात माझं भाषण बोलली. मी इथे कॉम्प्युटरवर बघत होते. स्वच्छ, बिनचूक, एक शब्द फालतू नाही. एक आमदार फोनमध्ये डोकं घालून बसले होते. दुसऱ्यांनी अगदी सभ्यपणे विचारलं, "डॉक्टर, पण चार-सहा आठवडे थांबल्याने असं काय बिघडतं?" तिने कागदाकडे पाहिलं. कागदावर टक्केवारी होती, ती बोटं नव्हती. तिने टक्केवारी सांगितली, त्यांनी आभार मानले, वेळ संपली.

दुपारी एकला, म्हणजे तिकडे सकाळी सातला, ती कामावर जाताना गाडीतून फोन करते. मंगळवारी म्हणाली, "आई, गेनाऊ, अगदी तेच तू काढलं होतंस." बाकीचं जर्मनमध्ये. शुक्रवारपर्यंत लेखी निवेदन देता येईल, ती शेवटची संधी, आणि ते ती मला दाखवणार नाही. मग पुन्हा मराठीत, "पण आजोबांचं बरोबर असेल तर? बाईंबद्दल लिहू की नको, मला कळतच नाहीये."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. त्या संध्याकाळी नव्या चिठ्ठीवर सही करून तुम्ही हात धुवायला मागे गेलात. पाकिटात घालण्याआधी मी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर बारीक अक्षरात लिहिलं, की ह्यांना तीन लहान मुली आहेत, घरात कमावणारं दुसरं कुणी नाही. कृपा हा शब्द लिहिला नाही, तेवढं तुमचं ऐकलं. आठ महिन्यांनी सायकलवाला स्वतःच्या पायांनी चालत परत आला आणि माझ्या पंक्चरचे पैसे घेईना. तुम्ही विचारलंत, तुझ्याकडूनच का घेत नाही तो? मी म्हटलं, माहीत नाही. माहीत होतं. त्याने मला सांगितलं होतं, "ताई, मोठ्या डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली आणि खाट नाही म्हणाले. मग उलटी करून वाचली."

तुमचा नियम मला आजही बरोबर वाटतो. रोग आहे, एवढं कारण पुरायला हवं. पुरत नाही, तिकडे नाही आणि तेव्हा मिरजेलाही पुरलं नव्हतं, ह्याचाच मला संताप येतो. पण नियम तिला सांगितला आणि मी स्वतः काय केलं ते गिळलं, हा दोष ना विमा कंपनीचा ना आमदारांचा.

आज गुरुवार. एक वाजून दहा मिनिटं झाली. मघाशी फोन वाजून थांबला. मी उचलला नाही, कारण हे अजून लिहून व्हायचं होतं. आता मीच लावते. खरं सांगायचं तर फोन दोन दिवसांपूर्वीच लावता आला असता. सहासष्ट वर्षांची झाले, अप्पा, पण तुम्हाला आधी सांगितल्याशिवाय तिला सांगायचा धीर झाला नाही.