खिडकीतली गंगा

९ डिसेंबर १९९६, सोमवार

शिंपी मेली. सकाळी पाहिलं तर खिडकीतल्या काचेच्या टाकीच्या तळाशी दोन्ही शिंपा उघड्या टाकून पडलेली. बोट लावलं तरी मिटेना. एरवी हाताची सावली पडली तरी गपकन मिटायची!

यांना सांगितलं तर म्हणतात, "हळू बोल. शिंपी मेली म्हन्लीस तर सारी गल्ली कोपऱ्यावरच्या टेलरच्या दारात जमा हुईल." मला हसू आलं नाही.

आत्याबाईंनी खाटेवरूनच टाकीकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. एकच शब्द बोलल्या — "गफलत झाली."

कोणाची? माझीच म्हणायची असणार. सुनेशिवाय गफलत करतं कोण घरात! टाकीचं सगळं मीच बघते.

१० डिसेंबर

आत्याबाई जेवल्या नाहीत. चहाही तसाच परत.

पोळ्याला अंगणात पडल्या आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी वॉकर दिला, म्हणाले चालवा. त्या उठायलाच तयार नाहीत. "मला गंगा दाखवा," एवढंच. त्यांचं माहेर गंगेच्या अगदी काठावरचं. मी वर्गात गोदावरी शिकवते आणि उंबऱ्याच्या आत आले की गंगा म्हणते. पण असल्या खुब्याला एस.टी.त घालून नेणार कसं?

शेवटी यांनीच डोकं चालवलं. कंडक्टर माणूस, गाडी रोज गंगेच्या पुलावरून जाते. दसऱ्याला काठावरची वाळू, कॅनभर पाणी, चार मासे, थोड्या गोगलगाई आणि तळहाताएवढी एक शिंपी घेऊन आले. काचेची टाकी जालन्याहून आणली. आत्याबाईंच्या खाटेला लागून खिडकीत मांडली. मी गमतीनं म्हटलं, "घ्या आत्याबाई, गंगाच घरी आली."

११ डिसेंबर

टाकीला वास सुटला. मासे परसातल्या रांजणात हलवले, गंगेच्याच उरलेल्या पाण्यात. टाकी रविवारी धुईन.

राहून राहून तीच आठवते. मी सकाळी विहिरीचं गढूळ पाणी ओतून शाळेत जायचे. संध्याकाळी येऊन पाहावं तर काचेतून पलीकडच्या कॅलेंडरवरची एकादशी वाचता यायची! तोंड नाही, डोळे नाहीत, डोकंसुद्धा नाही. दोन बारीक भोकं — एकातून पाणी आत, दुसऱ्यातून बाहेर. अख्ख्या टाकीचा गाळ गिळून गप्प बसायची. आणि तो पाय! शिंपांमधून जिभेसारखा बाहेर काढायचा, वाळूत रोवायचा आणि स्वतःला ओढायचं. मागे एक सरळ रेघ उरायची.

ती रेघ पाहून आत्याबाई म्हणाल्या होत्या, "एकाच पायानं चालून राह्यली गं. अन् मी दोन घेऊन लोळून राह्यले." आणि हसल्या. पडल्यापासून पहिल्यांदा.

म्हणून मला कारण शोधायलाच हवं. साधं काहीतरी निघावं — थंडी, पाणी, काहीही. म्हणजे सांगता येईल की हा अपशकुन नाही, गंगा रुसली नाही. नाहीतर त्या अशाच भिंतीकडे तोंड करून संपतील. मला त्या हव्या आहेत. कितीही टोमणे मारोत.

१२ डिसेंबर

शिंपा धुतल्या. बाहेरून शेवाळी, खडबडीत, चुलीतल्या लाकडासारख्या. आतून — काय सांगू! मोतिया, त्यात गुलाबी, त्यात निळा, हलवलं की रंग सरकतात. असलं नक्षीकाम आतल्या बाजूला, अंधारात, कोणाला दाखवायचं नसताना! माझ्या जुन्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकात आहे की बाहेरच्या रेघांवरून वय कळतं. आमच्या लग्नाच्या आधीपासून ती गंगेत होती. आणि आमच्या घरात दोन महिने टिकली नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार

थंडी नव्हे. गंगेत याहून जास्त थंडी असते.

नळाचं पाणी नव्हे. ब्लीचिंगच्या भीतीनं मी कधी घातलंच नाही.

उपासमार? तेही नाही. विहिरीचं हिरवट पाणी घालत होते.

पण आज एक आठवलं आणि स्वतःचाच राग आला. गोगलगाई दिवाळीपासून पाणी सोडून काचेच्या वरच्या काठाला चिकटल्या होत्या. मी म्हणायचे, ऊन खातात. अगं वेडे, त्या पळत होत्या! मासे मात्र ठणठणीत. माशाला न बाधणारं आणि गोगलगाईला पळवणारं, शिंपीला मारणारं असं पाण्यात होतं काय?

१४ डिसेंबर

डब्याच्या सुट्टीत रामराव सरांची मोसंबी-चर्चा. रोजचंच रडगाणं, मी अर्ध्या कानानं ऐकत होते. "झाडाला मोरचूद लावलं अन् बादली हौदात इसळली. मासे खुशाल, पण गोगलगाई साऱ्या मेल्या बघा."

हातातली भाकरी तशीच राहिली. मोरचूद म्हणजे तांबं! सातवीला दरवर्षी शिकवते.

पण आमच्याकडे ना बाग ना मोरचूद. टाकीत तांबं येणार कुठून?

१५ डिसेंबर, रविवार

टाकी उपसली. वाळूत हात घातला आणि बोटाला गार, चपटं लागलं. तांब्याचे जुने पैसे. भोकाचे, ढब्बू, एक-दोन तर निजामाच्या काळातले. सगळे हिरवे-निळे झालेले, बरोब्बर मोरचुदाच्या रंगाचे. खाटेवरून नुसता हात लांबवला की पोचेल, नेमके त्या कोपऱ्यात.

मूठ झाकून विचारलं, "आत्याबाई, टाकीत पैसे टाकल्ते का?"

"दिल्ते. गंगेला."

"तांब्याचे?"

"मंग? ही आत्ताची चिल्लर ती घेत न्हाई. तिला तांब्याचंच लागतंय."

पुलावर गाडी आली की बायका खिडकीतून पैसे सोडतात, असं हे रोज घरी येऊन सांगतात. पण नदी वाहते. तांबं वाहून जातं. आमची गंगा जागच्या जागी होती — आणि तिला गंगा म्हणाले ती मीच!

पाय बरे व्हावेत म्हणून मागत असतील बिचाऱ्या. पैसे पदरात बांधले आणि मोरीत जाऊन रडले.

१६ डिसेंबर

कारण सापडलं आणि ज्यांच्यासाठी शोधलं त्यांनाच सांगता येत नाही. तुमच्या श्रद्धेनं तिचा जीव गेला, असं कसं म्हणू? हे म्हणाले, "बिलकुल सांगू नको. हाये तेवढा जीव बी जाईल आईचा."

३० डिसेंबर

आत्याबाई पेज घेतात, दोन घोट. दिवसभर भिंत.

२६ जानेवारी १९९७

झेंडावंदन. वॉकरवर आता मी कपडे वाळत घालते.

२३ फेब्रुवारी, रविवार

आजचं आजच लिहायला हवं. जमेल तसं लिहिते.

उन्हाळ्याआधी रांजण धुवावा म्हणून पाणी काढलं. तळाच्या गाळात मुठीला काहीतरी कचकचलं. खडे समजून फेकणार होते. उन्हात धरलं — शिंप्या! मसुरीच्या डाळीएवढ्या! एकीनं माझ्या तळहातावर पाय बाहेर काढला. केसाएवढा पाय. आणि चालायला लागली!

रांजणात शिंपी कधी टाकलीच नव्हती. तिथे गेले होते फक्त मासे.

धावत जाऊन पुस्तक काढलं. शिंपीची पिल्लं जन्मली की आईजवळ राहत नाहीत, माशाच्या कल्ल्यांना चिकटतात. काही आठवडे माशाच्या अंगावर हिंडतात आणि मग गळून तळाशी संसार मांडतात. दिवाळीनंतर माशांच्या कल्ल्यांत पांढरे ठिपके दिसले होते. मी त्याला रोग समजले होते, मिठाचं पाणी करणार होते! ती रोगराई नव्हती. ती त्या मरणाऱ्या बाईची लेकरं होती. पाण्यात विष उतरत होतं आणि ती गपचूप एकेकाला माशाच्या गाडीत बसवून देत होती. तिकीट नाही, ओळख नाही! मी प्राणिशास्त्राची पदवीधर, आणि परसात मांडी घालून चिखलाला हात जोडून बसले.

पितळेच्या नव्हे — त्यातही तांबंच, आता अक्कल आली आहे — काचेच्या बशीत पाणी घेऊन आत्याबाईंना दाखवलं. त्या पहिल्यांदा भिंतीकडून वळल्या. बशीवर वाकल्या. कितीतरी वेळ वाकलेल्याच.

"तिची?"

"तिचीच."

त्यांचा हात कमरेच्या बटव्याकडे गेला. पैसा निघाला, बशीवर आला. मी मनगट धरलं. मग सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सगळं सांगितलं — वाळू, तांबं, गोगलगाई, मोरचूद.

पैसा मुठीत तसाच ठेवून म्हणाल्या, "म्हंजी म्यांच मारली."

मी बशी उचलून खिडकीत ठेवली.

२४ फेब्रुवारी

आत्याबाई पुन्हा भिंतीकडे. हे माझ्याशी बोलत नाहीत. पिल्लं परत रांजणात सोडली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आत्याबाई आज आपणहून बोलल्या. "पायासाठी न्हवते दिल्ते गं पैसे. दर पैशाला म्हणायची, गंगामाय, आता मला घे. तर तिनं शिंपीला घेतलं. मला वाटलं तिचीच गफलत झाली, माझ्या वाटचं मरण त्या मुक्या जीवाला देलं. घास उतरत न्हवता." मग म्हणाल्या, "तू म्हणतीस ते तांब्यानं झालं. म्हंजी तिनं माझं ऐकलंच न्हाई. बरं झालं."

त्यांनी खाटेवरून पाय खाली सोडले.

"त्या वॉकरवरचे कपडे काढ. रांजणापस्तोर जाऊन येते."