डेलिया बदकच्या घराबद्दल, तिने जिवंतपणी लिहिलेले

मी, डेलिया कॉन्सिडाइन, माहेरची कॉन्सिडाइन, सासरची कॉन्सिडाइन, राहणार बॅलीकॉन्सिडाइन, परगणा क्लेअर, आयर्लंड, वय एक्क्याऐंशी, डोके ठिकाणावर, गुडघे नाहीत, आज हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या खुशीने लिहून ठेवते. मला कुणी धमकावलेले नाही, कुणी दारू पाजलेली नाही. समोर चहा आहे आणि तो मीच केला आहे. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही, कारण मरायचा विचारच नव्हता. एनिसच्या वकीलबाईंनी छापील मसुदा दिला होता. वाचता वाचता मला डुलकी लागली. त्यातले 'स्थावर' आणि 'जंगम' हे शब्द तेवढे मी ठेवले, छान भारदस्त वाटतात. बाकीचे माझे. माझी शाळा लहानपणीच सुटली, तेव्हा अक्षराला कुणी हसू नये. मी हसून घेतले आहे.

कलम पहिले. मी नेमकी कोण.

हे आधी लिहायला हवे. आमच्या गावात "डेलिया कॉन्सिडाइन" अशी हाक मारली तर चारचौघी मागे वळून बघतात. इथे दगड भिरकावला तर तो कॉन्सिडाइनला लागतो, आणि भिरकावणाराही कॉन्सिडाइनच असतो. म्हणून प्रत्येक घराण्याला एक जोडनाव आहे. पुलाजवळचे ते पूल. ज्यांचा आजा कपडे शिवायचा ते शिंपी. माझ्या नवऱ्याचे, मॉसीचे, घराणे बदक.

ते असे, की मॉसीच्या पणजोबांनी खंडवसुलीच्या माणसापासून वाचवायला एक बदक कोटात लपवून मिस्सेला, रविवारच्या प्रार्थनेला, नेले. फादरनी पवित्र भाकर वर उचलली, सगळे चर्च मान खाली घालून गप्प, आणि नेमके तेव्हा ते बदक ओरडले. पुढे खंड गेला, जमीनदार गेला, इंग्रज गेले. बदक राहिले.

मी जन्माने शिंपी. लग्नात आडनाव बदलायचे नव्हते म्हणून आई खूश होती, रुमालांवरची अक्षरे उसवायला नकोत. पण शिंप्याची बदक होणे सोपे नव्हते. सासूबाई शेवटपर्यंत मला "ती शिंप्यांची" म्हणत. त्यांच्या दफनाला पुलाकडच्या एका म्हाताऱ्याने माझा हात धरून "वाईट झालं, बदकबाई" म्हटले, आणि मी रडायचे सोडून हसले. सगळ्यांना वाटले दुःखाने डोके फिरले.

कलम दुसरे. आमच्या नावाची थोर माणसे आणि ठिकाणे.

हे मृत्युपत्रात का, असे वकीलबाई विचारतील. कारण घराचे भांडण यातूनच निघाले आहे, धीर धरा.

माझा लांबचा चुलतदीर फिंटन कॉन्सिडाइन (पूल), निवृत्त हेडमास्तर, हा कॉन्सिडाइन कुलमंडळाचा अध्यक्ष आहे. दर उन्हाळ्यात अमेरिकेतून, ऑस्ट्रेलियातून कॉन्सिडाइन लोक येतात आणि विचारतात, आपल्यात मोठे कोण होऊन गेले? फिंटनने त्यांच्यासाठी थोर कॉन्सिडाइनांची मोठी पाटी रंगवून घेतली. त्यात एक बिशप आहे. तो रोमला निघाला होता, पण बोट लागल्याने डब्लिनहून परत आला. एक मुष्टियोद्धा आहे; तो शिकागोत एकदा जिंकला, कारण समोरचा आलाच नाही. कॅनडात आमच्या नावाचे एक तळे आहे. ते बहुतेक वेळ गोठलेलेच असते, म्हणून पोहून कुणी खात्री करत नाही. पर्थ शहरात आमच्या नावाचा रस्ता आहे. माझी मुलगी ऑर्ला तिथेच राहते, ती मुद्दाम बघायला गेली. टायरच्या दुकानामागचा बोळ निघाला. तिने पाठवलेल्या फोटोत एक मांजर आहे, तीही निघून चालली आहे.

आणि सगळ्यांत थोर म्हणजे जनरल टॉमस कॉन्सिडाइन, दक्षिण अमेरिकेत लढलेला. फिंटनच्या मते तो माझ्या घरात जन्मला. त्या काळात गावात टॉमस कॉन्सिडाइन नावाची पोरे ढीगभर होती. जोडनावे चर्चच्या वहीत लिहीत नाहीत, त्यामुळे जनरल कुणाचा हे देवालाच माहीत. मॉसी म्हणायचा, "आमचा टॉमस लिमरिकपर्यंत गेला, आईची आठवण आली, परत आला." पण फिंटनने पितळी पाटी आणली. घराच्या भिंतीत खिळा जाईना, म्हणून ती गोठ्याला ठोकली. तेव्हापासून जनरल माझ्या गोठ्यात जन्मलेला आहे.

एकदा बॉस्टनची एक बाई आली आणि म्हणाली, "आजी, त्या काळची चूल आहे का हो? मला हात लावायचाय."

मी म्हटले, "अगं बाई, ही चूल माझ्या नवऱ्यानं बांधली. सिमेंट गॉर्टहून आणलंय."

ती चुलीला मिठी मारून रडायला लागली. "तेच हात!" म्हणाली. "तेच रक्त!"

मग काय करणार, चहा टाकला. खरे सांगते, मला हे सगळे फार आवडते. कुणीतरी दारात येते, माझ्या पावाला नावाजते, मला 'खरीखुरी आयरिश आजी' म्हणून फोटोत उभे करते. अंगावरची शाल सुपरमार्केटची असते. मीही या नावातली एक थोर व्यक्ती झाले आहे, बिशपच्या थोडी खाली आणि मांजराच्या थोडी वर.

कलम तिसरे. जंगम.

माझी नात, ऑर्लाची लेक सॉरखा, आणि तिचा नवरा एडिल्सन दा सिल्व्हा हे लग्न झाल्यापासून माझ्याबरोबर राहतात. एडिल्सन ब्राझीलचा. गॉर्टच्या मांस कारखान्यात पहाटेच्या पाळीला जातो. कोंबड्या त्याच्या नावे करते. त्या त्याच्याच आहेत, मी दार उघडले की माझ्या मागे कोण येतेय ते बघतात. मॉसीची दगडी बांध रचायची हातोडीही त्यालाच. आला तेव्हा त्याला दगडावर दगड ठेवता येत नव्हता. आता त्याने रचलेला बांध मॉसीच्या बांधाशेजारी उभा आहे, आणि गाई दोन्ही सारख्याच पाडतात.

फिंटनची बहीण अट्रॅक्टा हिला माझी रविवारची टोपी. चर्चमध्ये ती जन्मभर माझ्या मागच्या बाकावर बसून या टोपीबद्दल बोलली. आता तिने ती घालून पुढच्या बाकावर बसावे आणि मागून काय ऐकू येते ते बघावे.

पतपेढीत जे असेल त्यातून माझ्या दफनानंतरचा चहा करावा. हॅमच्या सँडविचला लोणी पार कडेपर्यंत लावावे. उरेल ते सॉरखाला. फिंटनवरचा राग मी कुणाच्याही नावे करत नाही. तो अजून वापरात आहे.

कलम चौथे. स्थावर.

म्हणजे घर, गोठा, गोठ्यावरचा जनरल आणि मागची दगडाळ जमीन. ऑर्लाला विचारले आहे. ती म्हणाली, "आई, मला इथं ऊन आहे. घर सॉरखाला दे." तिथेच संपायला हवे होते. पण वसंतात फिंटन आला, टोपी हातात घेऊन, म्हणजे काहीतरी मागायला.

"वहिनी," म्हणाला, "घर कुलमंडळाला द्या. आपण कॉन्सिडाइन भवन करू. जनरलची खोली, बिशपची खोली."

"आणि सॉरखाची खोली?"

"त्यांना गॉर्टला घर मिळेल की. वहिनी, राग मानू नका, पण तुमच्यानंतर या फाटकावर दा सिल्व्हा लागणार. बॅलीकॉन्सिडाइनमध्ये! दीडशे वर्षं हे घर नावात आहे. मॉसीला काय वाटलं असतं?"

मॉसीचे नाव काढले, ते मला टोचले. रात्रभर नव्हे, मी रात्री झोपते. पण उन्हाळाभर ते मनात टोचत राहिले. मॉसीला नावाचे कौतुक होते, हे खरे. सॉरखा म्हणाली, "आजी, तुला हवं तसं कर, आम्ही जाऊ." एडिल्सन गोठ्याचे छप्पर शाकारत राहिला. जो जाणार तो कशाला शाकारेल, असे मी स्वतःला म्हणे, आणि मग मॉसी आठवे.

आणि मग मागच्या महिन्यात मी मेले.

आमच्याकडे सकाळी रेडिओवर कोण गेले ते वाचून दाखवतात. हवामानाआधी लोक ते ऐकतात. त्या दिवशी वाचले, "डेलिया कॉन्सिडाइन, बॅलीकॉन्सिडाइन, शांतपणे निधन." गेली होती डेलिया शिंपी, माझी चुलतबहीण, एनिसच्या वृद्धाश्रमात. देव तिला शांती देवो, ती कधीच शांतपणे काही करत नसे. पण बातमी देणारा माणूस नवा, परगावचा, त्याने जोडनाव दिलेच नाही. शिंप्यांच्या धाकट्यांना वाटले मी गेले, बाकीच्यांनाही मीच. आणि मी कुठे, तर गॉर्टला केस कुरळे करायला. सॉरखा डब्लिनला. माझा फोन पावाच्या डब्यात, तो हरवू नये म्हणून मी तिथे ठेवते.

दुपारच्या बसने परतले. आमची बस दफनभूमीपाशी थांबते. उतरले तर बदकांच्या जागेत, मॉसीशेजारी, माणसे खणताहेत. घराण्यातले कुणी गेले असेल तर मला कळवले कसे नाही, म्हणून मी कुंपणाआडून ऐकत उभी राहिले. कान चांगले आहेत, हे वर लिहायचे राहिले.

खड्ड्यात एडिल्सन होता. पाळी संपवून आला, घर रिकामे, अंगणात लोक, ते म्हणाले आजी गेली, एनिसच्या दवाखान्यात नेली होती. त्याने फावडे उचलले आणि थेट इथे. आमच्याकडे घरच्यांनी खणायचे नसते. शेजारी खणतात, घरचे घरात बसतात आणि लोक येऊन त्यांचा हात हातात घेतात. त्याला हे कुणी सांगितले नव्हते. तो रडत होता आणि खणत होता.

कॉन कॉन्सिडाइन (शिंपी) म्हणाला, "अरे, ह्याला कुणी आत उतरवलं? घरच्यानं खणायचं नसतं."

फिंटन काठावर उभा होता, हातात भाषणाचा कागद. तो म्हणाला, "खणू दे त्याला. तो कुठे घरचा? नावातला नाही तो."

कॉनने फावडे मातीत रोवले. "मास्तर, शाळेत तुमचं ऐकलं, आता नाही. म्हातारीचा गुडघा धरला की चर्चला कोण नेतं? तुम्ही? पुलाकडनं गाडी येते का तुमची?" मग खड्ड्यात वाकून म्हणाला, "ए बदका! वर ये. दे ते फावडं इकडं. तू घरी जा, चूल पेटव, माणसं येतील भेटायला."

आणि एडिल्सनने वर बघितले. कुणाला हाक मारली म्हणून मागे वळून नाही बघितले. फावडे देऊन टाकले, हात वर केला, कॉनने त्याला ओढून घेतले.

मला रडू आले, म्हणून मी बोलले. "चूल मी पेटवते," म्हटले, "पण ही खोदलीत कुणासाठी रे?"

कॉन खड्ड्यात पडला. फिंटन छातीवर क्रूसाची खूण करू लागला, भाषणाचा कागद खड्ड्यात गेला. एडिल्सनने मला असे कवटाळले की नव्या कुरळ्या केसांचे वाटोळे झाले. नंतर त्या लोकांना शिंप्यांच्या जागेत जाऊन पुन्हा खणावे लागले. माझा खड्डा बुजवला. मी आत डोकावून घेतले होते. जरा दगडाळ आहे, पण शेजार चांगला.

तर आता कळले असेल. घर नावातच राहते आहे, आणि ते नाव मी देण्याआधीच गावाने दिले आहे. मला ते मिळायला सासूबाईंना जावे लागले. त्याला माझ्या खोट्या मरणावर मिळाले. मॉसीला काय वाटले असते ते मी त्याच्या शेजारीच उभी राहून विचारले. त्याने विरोध केला नाही.

सबब, सदर घर, गोठा व जमीन मी माझी नात सॉरखा आणि तिचा नवरा एडिल्सन यांना दोघांत मिळून देते. फाटकावर त्यांना हवे ते नाव लिहावे. कुलमंडळाला गोठ्यावरचा जनरल मिळेल. त्यांनी स्वतःच्या पक्कडीने काढून न्यावा. उन्हाळ्यात पाहुणे आले तर चहा मात्र याच घरात मिळेल, एडिल्सन पाव माझ्याहून बरा करतो. या सगळ्याची अंमलबजावणी सॉरखाने करावी.

कलम पाचवे आणि शेवटचे. दफन.

रेडिओवर माझे जोडनाव स्पष्ट वाचावे. जागा तीच. खड्डा कॉनने आणि शेजाऱ्यांनी खणावा. फिंटनलाही बोलवावे, त्याने निदान वरचा हिरवा थर काढावा, मास्तरकीने हात मऊ राहिले आहेत. त्या दिवशी एडिल्सनच्या हाती कुणीही फावडे देऊ नये. त्याने घरात सॉरखाशेजारी बसावे, आणि येणाऱ्याने आधी त्याचा हात हातात घ्यावा.

हे मी वाचून पाहिले, मला समजले, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. कॉनला काही द्यायचे मनात होते, पण साक्षीदाराला काही मिळत नाही म्हणे. तो म्हणाला, "मला खड्ड्यातून बाहेर काढलंत, तेवढं पुरे."

(सही) डेलिया कॉन्सिडाइन (बदक)

साक्षीदार:
कॉन कॉन्सिडाइन (शिंपी), शेतकरी
नोरीन हेहिर, टपालवाली. कॉन्सिडाइन नसलेली, शोधून आणलेली

बॅलीकॉन्सिडाइन, स्वयंपाकघर
१९ ऑक्टोबर २०१८