मधनं काळा टीव्ही

सोलापूर
पितृपक्षातली दशमी, मंगळवार

चि. बाळाबाईस अक्काचा आशीर्वाद.

हितं आमी सगळी खुशाल हाय, तितं टेंभुर्णीला तुमची खुशाली कळवावी. असं लिहायची रीत हाय म्हणून लिहिलं. तू कळवणार न्हाईस हे मला ठावं हाय. वैशाखात माझ्या नातवाच्या, अभिमन्यूच्या लग्नातनं तू न जेवता उठून गेलीस, तवापास्नं माझा फोन उचलत न्हाईस. तुझा बाळासो उचलतो आन "आई रानात गेलीया" म्हणतो. धो धो पावसात तुझं रानात काय काम असतंय ते मी विचारत न्हाय. पण पोराला किती खोटं बोलायला लावायचं ते तूच ठरव.

म्हणून कागद. कागद मधनंच कट करता येत न्हाय. फाडता येतो, पण फाडायच्या आधी माणूस वाचतंयच.

अक्षर लई मोठं झालंय आन ओळी उताराला लागल्यात. सृष्टीच्या जाड स्केचपेननं लिहितेय. सृष्टी म्हणजे अभिमन्यूची धाकटी बहीण, विसरली असशील तर. मी दुसरीतनं शाळा सोडली तरी माझ्या ओळी सरळ असायच्या. चौथी शिकून वाकडं लिहायचीस ती तू. आता माझ्या का वाकड्या, ते पुढं येईल.

तुझ्या दाजींचा गुडघा हाय तसाच हाय. नळाला रातीचं पाणी आलं की समद्या आळीची झोप मोडती. नवी नातसून बरी हाय, भाकरी जाड करती पण उलटून बोलत न्हाय. शेंगाचटणी कुटून ठेवलीय, न्यायला माणूस न्हाय.

मधल्या दिवसांत आमच्यात टीव्हीवरनं लई वाजलं. आमचा जुना डबा तुला म्हाईत हाय, तूच म्हणायचीस त्यात बातम्या सांगणारी बाई पोस्टाच्या तिकिटावरच्यावानी दिसती. तो डबा मधनं काळा पडायला लागला. कडेचं दिसायचं, मधलं न्हाय. सिरियलमध्ये सासूची साडी दिसायची, हातातला चमचा दिसायचा, तोंडाच्या जागी धूर. मी श्रीमंतला सांगितलं, तुझा टीव्ही मधनं जळलाय. माझा ल्योक तो, बापावर गेलाय, उठून बघितलं आन म्हणाला, काय झालं न्हाय त्याला. सून म्हणाली, चांगला दिसतोय की आत्या. मला वाटलं, नवा घ्यायला नको म्हणून समदी एका माळेला लागली.

मग मी रोज लावून धरलं. शेवटी श्रीमंतनं टेप आणून भिंत मोजली आन म्हणाला, मोठा घेऊ, पंचावन्न इंची, पण दसऱ्याला. दसऱ्याला नवा माल येतो, भाव उतरतो, आन पितृपक्षात कोण नवी वस्तू घरात आणतं. मी म्हणाले, पितरांना टीव्ही बघायचा न्हाय, मला बघायचाय. त्याला घाई कळत न्हव्हती आन मला सांगता येत न्हव्हती. कारण एव्हाना दुसरंबी होत होतं. दाराची चौकट मधनं वाकलेली दिसली म्हणून मी गवंड्याला शिव्या घातल्या, तो बिचारा ओळंबा लावून दाखवत बसला. भाकरीला मधी डाग पडायचे, म्हणून मी तवा बदलला. तव्याचा काय गुन्हा न्हव्हता.

परवा शेवटी श्रीमंत वैतागून म्हणाला, चल, नुसता बघून तर येऊ. मी, तो आन सृष्टी होटगी रोडला गेलो. पितृपक्ष म्हणून दुकानात माश्या मारत बसलेले. मालक एजाज म्हणून हाय, चांगलं माणूस. मला खुर्ची दिली, चहा सांगितला, अम्मा अम्मा करत होता. भिंतभर टीव्ही लावलेले, समदे चालू. श्रीमंतला तो सांगत होता, खोली केवढी, बसायची जागा भिंतीपास्नं किती लांब, त्यावर पडद्याचं माप ठरतं, जवळ बसून लई मोठा घेतला तर मान दुखती. आन खरं बोलला गडी. म्हणाला, घाई नसंल तर थांबा, घटस्थापनेला घ्या, माझंच नुकसान करून सांगतोय.

मी पहिल्यासमोर उभी राहिले. मधनं काळा. म्हणाले, हा खराब हाय, दुसरा दाखव. दुसरा बी तसाच. त्यो लई मोठा, दाराएवढा, कोपऱ्यातला, त्यो तरी बरा असंल म्हणून तितं गेले. त्याच्यात तर भोक आणखी मोठं. मला राग आला. म्हणाले, आरं एजाज, सगळा जळका माल भरलायस व्हय, म्हणून पितृपक्षात गिऱ्हाईक परत पाठवतोस. समदे मधनं काळे हायत.

मग एजाज हळू आवाजात म्हणाला, "अम्मा, माझ्याकडं बघा. माझा चष्मा कसल्या रंगाचा हाय?"

बाळे, मला चष्मा दिसला न्हाय. त्याची टोपी दिसली, कान दिसले, सदऱ्याची बटणं दिसली. त्याच्या टोपीच्या आन सदऱ्याच्या मधी काय बी न्हव्हतं.

मी खाली बसले. खुर्ची हाय का न्हाय हे बी बघितलं न्हाय. श्रीमंतच्या तोंडाकडं बघितलं, त्यालाबी तोंड न्हव्हतं. म्हणजे मी इतके दिवस पोराशी भांडले ती आवाजाशी भांडले. तो काळवंडलाय, लई काम करतोय, असं मी सुनेला सांगायची. तो काळवंडला न्हव्हता.

सृष्टी रडायला लागली. मी म्हणाले, रडू नको, माझं कान शाबूत हाय. एजाजनं मान वळवायला सांगितलं. म्हणाला, त्याच्या वालिदाचं, म्हणजे बापाचं, असंच झालं होतं, ते कडेनं बघायचे. दारात टांगलेल्या रंगीत कागदी पट्ट्यांकडं बघा आन टीव्ही डोळ्याच्या कोपऱ्यातनं बघा. मी मान फिरवली. बघते तर पडद्यावर बाई, तिचं तोंड, नाकातली चमकी, सगळं जागेवर. कोपऱ्यात का हुईना, हाय. तुला सांगते, त्या चमकीचा मला एवढा आनंद झाला की मी हसले.

आता घरचं काही लावून बघू, म्हणजे आजीला वळख पटंल, म्हणून सृष्टीनं तिच्या मोबाईलमधला अभिमन्यूच्या लग्नाचा व्हिडिओ त्या दाराएवढ्या टीव्हीवर लावला. पोरीला काय म्हाईत. का समदं म्हाईत असून लावला, ते मला अजून कळलं न्हाय.

अक्षता झाल्या. आहेर सुरू झाला. मी मांडवात पुढच्या खुर्चीवर बसलेली, नवं लुगडं, मोठी पाटलीण. आन उजव्या बाजूनं तू आलीस. तुझ्या काखेत पिशवी, पिशवीतनं हिरवं लुगडं डोकावत होतं, माहेरचं. डाव्या हातात करंडा. तू वाकलीस आन कुंकवाचं बोट माझ्या कपाळाकडं नेलंस.

आन मी तोंड फिरवलं.

सगळ्या मांडवासमोर, बाळे. तुझं बोट तसंच राहिलं. मग तू ते स्वतःच्या पदराला पुसलंस, लुगडं पिशवीत खोल दाबलंस आन गेलीस. मागं बसलेल्या दोघी बाया एकमेकींच्या कानाला लागल्या. सगळं दिसलं. पडदा केवढा मोठा, काय लपतंय.

मी दुकानात मान फिरवून बघत होते आन पडद्यावर बी मी तशीच मान फिरवत होते. तीच मान, त्याच बाजूला.

मला त्या दिवशी समोर कोणतरी उभं राहिल्यावानी वाटलं होतं. बँड कानात बसलेला. तोंड दिसंना, म्हणून कोण हाय बघायला मी मान वळवली, आन नीट बघेतोवर समोर कोण न्हाय. त्यानंतर आख्खा दिवस मी वाट बघितली, माहेरचा आहेर अजून का आला न्हाय. पंगत उठल्यावर कळलं, तू न जेवता गेलीस. मी समद्यांना बोलून दाखवलं, बहिणीला माझ्या नातवाचं सुख बघवलं न्हाय. असं मी बोलले. आता हे तुला दुसऱ्याकडनं कळण्यापेक्षा माझ्याकडनं कळू दे.

मी सृष्टीला विचारलं, हे तुमी सगळ्यांनी तवाच बघितलं होतं का. म्हणाली, व्हय. मग मला का बोलला न्हाय. ती पोरगी माझ्याकडं बघत म्हणाली, "आजी, आमाला वाटलं तू मुद्दाम केलंस."

श्रीमंत पाठ फिरवून टीव्हीवरची किंमत वाचत राहिला. म्हणजे त्यालाबी तसंच वाटलं होतं.

डोळ्यांचं मी सोसलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं आत बत्ती मारून बघितलं, म्हणाला, डोळ्यामागचा पडदा मधनं झिजलाय, मोतीबिंदू न्हव्हं, मधलं गेलेलं परत येणार न्हाय, कडेचं राहील. बरं म्हणाले. वयाला काहीतरी जाणारच. पण माझ्या घरातल्या माणसांना मी अशी बाई वाटते, हे मला त्या दाराएवढ्या टीव्हीसमोर कळलं. विधवा बहिणीच्या हाताचं कुंकू नको म्हणून तोंड फिरवणारी. मी तोंडानं वाईट हाय, ते मी नाकारत न्हाय. पण तोंड फिरवणारी न्हाय. मी तोंडावर बोलणारी हाय.

त्यांचं जाऊ दे. ती माझी तिखट जीभ रोज खातात. तुला कसं वाटलं गं? तुझा मालक गेला तवा तुझं कपाळ पुसायला, बांगड्या फोडायला आलेल्या बायांना उंबऱ्याभायेर कुणी उभं केलं? लग्नात आहेर तूच आणायचा, सगळ्यांसमोर कुंकू तूच लावायचं, हे फोनवर कुणी बजावलं? तू करंडा घेऊन आलीस ती माझ्याच जिवावर आलीस. एवढं असून एक मान फिरली आन तू ते सगळं धुवून टाकलंस. एकदा येऊन शिव्या द्यायच्या होत्यास. तुझ्या शिव्या मी वळखल्या असत्या, त्याला डोळे लागत न्हाईत.

पण पदराला बोट पुसताना तुझी खाली गेलेली मान मी बघितलीय. म्हणून जास्त बोलत न्हाय.

आता कामाचं. टीव्ही घ्यायचं पक्कं झालंय. श्रीमंत म्हणत होता, आता आईला काय उपयोग. मी म्हणाले, कोपऱ्यातनं बघायचं तर कोपरा तरी मोठा पायजे. एजाजनं तो दाराएवढा बाजूला काढून ठेवलाय, माझ्या नावाची चिठ्ठी लावून. दसऱ्याला घ्यायचा का आधी, हे श्रीमंतनं माझ्यावर सोडलंय, आन मी तुझ्यावर सोडतेय. नवी वस्तू घरात आली की आधी तिला कुंकू लागतं. ते दुसऱ्या कुणाच्या हातानं लागणार न्हाय, हे मी घरात सांगितलंय. सून "बरं" म्हणाली. तिचं तोंड कसं झालं होतं ते मला दिसलं न्हाय, हा एक फायदाच.

तू येशील तवा टीव्ही येईल. न्हाई आलीस तर भिंत मोकळी राहील, आन कुणी विचारलं तर का मोकळी हाय ते मी सांगीन. मला लाज न्हाय.

येताना ते हिरवं लुगडं आण. दुसऱ्या कुणाला दिलं असशील तर तसंच ये, पण करंडा आण. आधी माझ्या कपाळाला, मग टीव्हीला. शेजारच्या बायांना बोलवून ठेवते, त्यांनीबी बघू दे.

एक गोष्ट नीट वाच, दोनदा वाच. तू समोर आलीस की मी मान फिरवणार. बोट मागं घेऊ नकोस. मान फिरवल्याबिगर तू मला दिसत न्हाईस.

तुझ्याकडं तोंड फिरवून बसलेली,
अक्का