पानांच्या स्कार्फचा माझ्याकडचा अर्धा भाग

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, दातांच्या दवाखान्यातली निवृत्त स्वागतिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, मनगटं नाहीत, म्हणून अक्षर असं आलं आहे. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. दबाव आणायला आधी कोणीतरी घरी यावं लागतं. पुन्हा मृत्युपत्र लिहिण्याचं त्राण माझ्यात उरलेलं नाही, तेव्हा हेच शेवटचं समजावं.

कलम १. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या आणि बाल्कनी, माझ्या मुलाला द्यावं. स्वयंपाकघरातला नळ गळतो. त्याला सांगितलं की "बघतो गं आई" म्हणतो. आता नळ त्याचाच होईल, मग बघेल. मी विणलेला निळा स्कार्फ त्याच्याकडे आहेच. मी त्याच्या घरी जाते तेव्हा तो गळ्यात असतो आणि कपाटातल्या घड्या त्यावर तशाच असतात. मला कळत नाही असं त्याला वाटतं. त्याने तो खुशाल कोणाला तरी देऊन टाकावा, फक्त ज्याला थंडी वाजते अशा माणसाला द्यावा.

कलम २. बँकेतली शिल्लक मुलगा आणि सून यांनी निम्मी निम्मी घ्यावी. शिवाय सुनेला ढगांच्या नक्षीचा स्कार्फ. हा तिने मशीनमध्ये गरम पाण्यात टाकला आणि बाहुलीच्या मापाचा करून बाहेर काढला. "आई, त्यावर लेबलच नव्हतं!" असं ती म्हणाली. खरं आहे, हाताने विणलेल्या वस्तूला लेबल नसतं. मला राग आला होता, आता नाही. रागवायलाही अंगात जोर लागतो.

कलम ३. माझ्या सर्व सुया आणि नक्ष्यांचे कागद लोकरीच्या दुकानातल्या बाईंना द्यावेत. माझ्यासाठी उरलेसुरले रंग त्या बाजूला काढून ठेवत. नक्षी मी चौकटीच्या कागदावर काढते, एक चौकट म्हणजे एक टाका. दवाखान्यातल्या खुर्च्यांची रांग, दाढेचा एक्स-रे, समोरच्या इमारतीवर वाळत घातलेले कपडे, जे दिसलं त्याची नक्षी केली. घरात कोणी विचारलं नाही की आज काय पाहिलंस, म्हणून मी विणून ठेवलं. धातूच्या सुया जरा वाकलेल्या आहेत. दवाखान्यात मी विणायला बसले की त्यांची टकटक ऐकून बाहेर बसलेले पेशंट, आत हत्यारं काढली असं समजून, उठून जायचे. तेव्हा डॉक्टरांनी मला बांबूच्या सुया आणून दिल्या. एवढा समजूतदार माणूस दुसरा पाहिला नाही. तरी त्यांना मी काही ठेवलेलं नाही, कारण ते साक्षीदार आहेत. ज्याला काही मिळायचं आहे त्याने साक्षीला सही करू नये, असं वकील सांगतात.

कलम ४. पानांच्या नक्षीच्या स्कार्फचा माझ्याकडचा अर्धा भाग माझ्या धाकट्या बहिणीला द्यावा.

इथे थोडं सांगणं भाग आहे. पानांचा स्कार्फ एका टोकाकडून विणत गेलं, तर गळ्यात घातल्यावर एका बाजूची पानं सरळ आणि दुसऱ्या बाजूची उलटी लटकतात. म्हणून तो दोन टोकांकडून, दोन भागांत विणायचा आणि मानेपाशी जोडायचा. नक्षी माझी होती. एक भाग मी विणला, एक धाकटीने. दोघींत मिळून एकच स्कार्फ, आलटूनपालटून घालायचा, असं ठरलं होतं. लोकर एक, टाके तेवढेच. पण माझा हात घट्ट, तिचा सैल. शेजारी ठेवले तर तिचा भाग चांगला चार बोटं रुंद. मी म्हटलं, "तुझा उसव." ती म्हणाली, "तूच उसव. जन्मभर सगळ्यांना आवळतच आलीस." हे ती लोकरीच्या दुकानात, चार बायकांसमोर म्हणाली. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. ती दोन गल्ल्या सोडून राहते.

मी म्हणते तेच बरोबर होतं. तिनेच उसवायला हवं होतं. पण माझा भाग मी सुईवरून उतरवलेला नाही. त्याचे टाके अजून उघडे आहेत. माझ्यामागे कोणी शहाणपणा करून ते बंद करू नयेत. बंद केले की जोडता येत नाही, आणि सुई काढली की पानं एकेक करून सुटत जातील. सुईसकट तिच्या हातात द्यावा, एवढीच माझी इच्छा आहे. बाकी घर, बँक सगळं मागेपुढे झालं तरी चालेल.

पुरवणी, त्याच दिवशी. सह्यांसाठी डॉक्टर आणि वकील घरी आले, पण दुसरे साक्षीदार, वरच्या मजल्यावरचे गृहस्थ, गावाला गेलेले निघाले. डॉक्टरांनी मला न विचारता धाकटीला फोन केला. ती आली. चपला दारातच ठेवून म्हणाली, "सही कुठे करायची?"

वकील म्हणाले, "तुम्हाला करता येणार नाही. यात तुम्हाला काहीतरी ठेवलंय."

"मला? काय?"

मीच सांगितलं, "अर्धा स्कार्फ."

ती तशीच वळली आणि गेली. मला वाटलं, संपलं. वकिलांनी कागद आवरायला घेतले. पण ती धापा टाकत परत आली ती पिशवी घेऊन. पिशवीत तिचा भाग होता, सुईवर, टोकांना बुचं लावून ठेवलेला. म्हणजे तिनेही टाके बंद केले नव्हते.

"ताई, आण तुझा. आत्ताच जोडते. मग मला मिळायचं काही राहणार नाही आणि सहीही करता येईल."

"मधे चुण्या पडतील," मी म्हटलं.

"पडू देत. मानेमागे कोण बघतंय?"

माझ्याने सुई ओवली गेली नाही, ती डॉक्टरांनी ओवली. जोडलं तिनेच, सैल हाताने. चुण्या पडल्याच. मी पाहत बसले आणि रडले, हेही नोंदवून ठेवते.

सबब, कलम ४ रद्द. त्यात लिहिलेली वस्तू आता शिल्लक नाही.

ठिकाण : माझं घर, बाल्कनीजवळची खुर्ची.
दिनांक : अकरा डिसेंबर, दुपार.

सही : मोठी

साक्षीदार :
१. दातांचे डॉक्टर
२. धाकटी

ता. क. स्कार्फ सध्या साक्षीदार क्रमांक दोनच्या गळ्यात आहे. पुढच्या गुरुवारी तो माझ्याकडे यायचा आहे, तोवर तरी मला थांबलं पाहिजे.